लॉन्ड्रीच्या ड्रायरची हवा: बाहेर कशी काढायची आणि आत कुठून आणायची

लॉन्ड्री टाकताना लोक मशीन कुठल्या कंपनीचं, ड्रम किती किलोचा, हप्ता किती बसेल यावर महिना महिना डोकं लावतात, आणि ड्रायरच्या डक्टचं (हवा बाहेर नेणाऱ्या पत्र्याच्या पाइपचं) काम मात्र उद्घाटनाच्या दोन दिवस आधी जो कोणी पत्र्याचं काम करणारा मोकळा असेल त्याच्या गळ्यात टाकतात. तो बिचारा हॉटेलच्या किचनची चिमणी बसवणारा, तो त्याच हिशोबाने पाइप फिरवून देतो. मग काय, ड्रायर तासभर फिरून पण चादरी दमटच, गॅसचा खर्च वाढलेला, बर्नर मधेच बंद पडतोय, आणि सगळे मिळून मशीनला शिव्या घालतात. मशीन बहुतेक वेळा ठीकच असतं हो, त्याला श्वासच घेता येत नसतो.

मी इथे गॅसवर चालणारे, २०-२५ किलोचे कमर्शियल ड्रायर धरून लिहितोय, म्हणजे हॉटेल, हॉस्टेल, पीजीवाल्या एरियातली लॉन्ड्री, छोटं हॉस्पिटल अशा ठिकाणी जे असतात ते. इलेक्ट्रिक आणि स्टीमवाल्यांना पण हवेचा हिशोब हाच लागू आहे, फक्त ज्योतीबद्दलचं जे आहे ते सोडून द्या. आणि आकडे अंदाज यावा म्हणून दिलेत, तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर मॅन्युअलचंच ऐका.

आधी हवेचा हिशोब

ड्रायर हा आधी पंखा आहे आणि मग शेगडी. कपडे सुकतात ते नुसत्या उष्णतेने नाही, गरम हवा कपड्यातून जाते, पाणी उचलते आणि बाहेर पडते म्हणून सुकतात. २३ किलोच्या म्हणजे ५० पौंडाच्या ड्रायरचा ब्लोअर साधारण ६०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट, हवा बाहेर फेकतो, काही मॉडेल त्याहून जास्त. ६०० सीएफएम म्हणजे तासाला हजार घनमीटर, वजन करायला गेलात तर एक टनाहून जास्त हवा, दर तासाला, एका ड्रायरमधून!

आता तुमचा गाळा घ्या. २० बाय १५ आणि वर १० फूट छत, म्हणजे ३००० घनफूट. एक ड्रायर चालू केला की पाच मिनिटांत अख्ख्या गाळ्याची हवा बाहेर. चार ड्रायर एकदम चालू केले तर सव्वा मिनिटात. आणि गाळ्याला पुढे काचेचं दार, ते बंद, आत एसी, मागची खिडकी चोर नको म्हणून विटा लावून बुजवलेली. मग हवा येणार कुठून? पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीला तोंड लावून हवा ओढली की बाटली चेपते ना, तसंच, फक्त गाळा चेपत नाही म्हणून दिसत नाही. ब्लोअर फिरत राहतो, आवाज तोच येतो, पण हवा निम्मीच जाते.

यावर सगळ्यात उलटा उपाय जो मी कितीतरी ठिकाणी बघितलाय तो म्हणजे लॉन्ड्रीत गरम होतंय म्हणून भिंतीत मोठा एक्झॉस्ट फॅन बसवणं. अहो हवा आधीच कमी आहे, त्यात अजून एक पंखा ती बाहेर ओढतोय! तोच फॅन उलटा बसवून बाहेरची हवा आत घेतली असती तर काम झालं असतं. शेजारच्या टॉयलेटचा एक्झॉस्ट, किचनचं हूड, हे सगळे सुद्धा त्याच हवेवर जगतात, त्यांचं सीएफएम पण हिशोबात धरा.

हवा कमी पडली की गॅसच्या ड्रायरमध्ये काय होतं

हा भाग वरवर वाचू नका. हवा पुरेशी नसली की ज्योत निळी न राहता पिवळी, आळशी होते, तिची टोकं बर्नरच्या डब्याबाहेर लोंबायला लागतात. बर्नरच्या झाकणाचा रंग करपलेला दिसला, आसपास काजळी दिसली, तर ज्योत बाहेर येतेय हे नक्की समजा. अर्धवट जळालेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं दुखतं, मळमळतं आणि माणूस म्हणतो आज उकाडाच फार आहे.

दुसरा धोका त्याहून लपलेला. त्याच खोलीत गॅसचा गीझर किंवा छोटा बॉयलर असेल ज्याचा धूर नुसता गरम होऊन चिमणीतून वर जातो, तर ड्रायर हवा ओढायला लागले की ती चिमणी उलटी चालायला लागते. बाहेरची हवा चिमणीतून खाली, आणि गीझरचा धूर खोलीत. त्यामुळे असा गीझर किंवा बॉयलर ड्रायरच्या खोलीत ठेवायचाच नाही, वेगळ्या जागेत, त्याची हवा वेगळी. आणि ड्रायरच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

ड्रायरमध्ये एक एअरफ्लो स्विच असतो, पुरेशी हवा वाहत नसेल तर तो बर्नर पेटूच देत नाही. आता होतं काय, बर्नर सारखा बंद पडतो, मालक फोनवर ओरडतो, मेकॅनिक येतो, बघतो स्विच मधे मधे उघडतोय, एक वायरचा तुकडा टाकून तो शॉर्ट करतो आणि पाचशे रुपये घेऊन जातो. मशीन धडधड चालायला लागतं, सगळे खूश. आता त्या मशीनमध्ये हवा थांबली तरी आग चालूच राहणार आणि समोर लिंटने, म्हणजे कपड्यातून सुटणाऱ्या बारीक तंतूंनी, भरलेला ड्रम आहे. असा मेकॅनिक परत बोलवू नका. स्विच उघडतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय, हवा कुठे अडलीय ते शोधा.

अजून एक, ड्रायक्लीनिंगचं मशीन ड्रायरच्याच खोलीत नको. पर्क (परक्लोरोइथिलीन, ड्रायक्लीनिंगचं रसायन) वापरत असाल तर त्याची वाफ बर्नरच्या ज्योतीतून गेली की त्यातून आम्ल तयार होतं, बर्नर, ड्रम, डक्ट सगळं आतून गंजतं, श्वासाला त्रास तो वेगळाच. आणि एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन ऑइल) वापरत असाल तर ती वाफ पेटणारीच आहे, त्यावर वेगळं काय सांगायचं.

आत येणाऱ्या हवेसाठी भोक किती मोठं

गॅसच्या कमर्शियल ड्रायरसाठी अमेरिकेतल्या गॅस कोडमधला साधा नियम आहे, दर १००० बीटीयूमागे (बर्नर तासाला किती उष्णता देतो त्याचं माप) १ स्क्वेअर इंच मोकळी जागा. ही कमीत कमी. ५० पौंडाचा ड्रायर साधारण १,३०,००० बीटीयूचा धरला, नेमका आकडा मशीनच्या मागच्या पाटीवर असतो, तर एकाला १३० स्क्वेअर इंच, चार ड्रायरला ५२०.

मोकळी जागा म्हणजे भिंतीतलं भोक नाही बरं का. भोकावर लूव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्यांची चौकट, बसवतात, त्या पट्ट्या पण जागा खातात. पत्र्याच्या लूव्हरमध्ये साधारण ७५ टक्के मोकळं धरतात, लाकडी असेल तर २५ टक्केच. म्हणजे ५२० साठी पत्र्याच्या लूव्हरचं भोक झालं साधारण ७०० स्क्वेअर इंच, म्हणजे सव्वादोन फूट बाय सव्वादोन फुटाच्या आत बसतं. त्याच्यावर कोणी मच्छरजाळी ठोकली की आठवड्यात ती लिंटने आणि धुळीने भरते आणि हिशोब गेला. जाळी हवीच असेल तर अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा आणि भोक वाढवा.

दुसरा एक नियम मशीनवाले देतात, बाहेर जाणाऱ्या डक्टच्या क्षेत्रफळाच्या पाच-सहा पट मोकळी जागा. ८ इंची डक्ट म्हणजे ५० स्क्वेअर इंच, चारचे २००, पाच पट केलं की १००० स्क्वेअर इंच. म्हणजे पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. इलेक्ट्रिकवाल्यांना बीटीयूचा नियम लागू होत नाही, त्यांनी हाच वापरायचा. माझं मत विचाराल तर आपल्याकडे गॅसवाल्यांनी पण हाच मोठा आकडा धरावा, कारण पाऊस. ५२० स्क्वेअर इंचातून २४०० सीएफएम ओढलं की हवेचा वेग मिनिटाला साडेसहाशे फुटांच्या वर जातो, आणि जुलैमध्ये कोकणात, मुंबईत आडवा पाऊस असतो तेव्हा तेवढ्या वेगाने लूव्हर पाणी सरळ आत खेचतं. १००० स्क्वेअर इंच केलं की वेग साडेतीनशेच्या आत, पाणी बरंचसं बाहेरच राहतं.

भोक कुठे पाडायचं हे सुद्धा बघा. ड्रायरच्या हवा बाहेर फेकणाऱ्या तोंडाजवळ नको, नाहीतर तीच दमट लिंटवाली हवा परत आत. जनरेटरच्या धुराजवळ, हॉटेलच्या चिमणीजवळ, गटाराच्या चेंबरवर नको. उत्तम जागा म्हणजे ड्रायरच्या पाठीमागे. ड्रायर एका ओळीत लावून त्यांच्या दोन्ही बाजूंनी आणि वरून पार्टिशन करायचं, मागे दोन-तीन फुटांची खोली सोडायची आणि लूव्हर त्या मागच्या खोलीत. मग ड्रायर बाहेरची हवा घेतात आणि बाहेरच टाकतात, पुढच्या भागातली एसीची हवा कोणी पळवत नाही. मागे फूटभर जागा सोडून हे करणारे पण बघितलेत, तिथे मेकॅनिक शिरणार कसा?

बेसमेंटमध्ये लॉन्ड्री असेल, हॉटेलांची बऱ्याचदा असते, तर नुसत्या भोकाने भागत नाही, ताजी हवा आत आणणारा फॅन आणि डक्ट लागतो. त्याचं वायरिंग असं करायचं की तो फॅन चालू नसेल तर ड्रायरचा गॅस चालूच होणार नाही. फॅनचा झोत बर्नरवर सरळ येऊ देऊ नका, ज्योत हलते. आणि एलपीजी हवेपेक्षा जड असते, गळाली की जमिनीवर साचते, त्यामुळे एलपीजी असेल तर बेसमेंट टाळाच, वरच्या मजल्यावर पण जमिनीलगत एक झरोका ठेवा. पाइपचा गॅस हलका, तो वर जातो, त्याला झरोका छताजवळ.

बाहेर काढायचा डक्ट

पहिलं सोपं सांगतो: प्रत्येक ड्रायरला स्वतःचा वेगळा, आखूड, सरळ डक्ट. शक्य असेल तिथे हेच करा आणि पुढचा मॅनिफोल्डचा, म्हणजे सगळ्या ड्रायरना मिळून एकच मोठा डक्ट करण्याचा, भाग वाचूच नका.

डक्ट गुळगुळीत जीआय पत्र्याचा किंवा ॲल्युमिनियमचा. पीव्हीसी नको, तो गरम हवेत मऊ पडतो. स्प्रिंगसारखा लवचिक पाइप पण नको, त्याच्या प्रत्येक वळीत लिंट बसते. ड्रायरचं जे तोंड आहे त्यापेक्षा लहान डक्ट कधीच नाही, ८ इंचाच्या तोंडाला ६ इंची पाइप जोडून देणारे महाभाग आहेत. जोड करताना आधीच्या तुकड्याचं तोंड पुढच्याच्या आत गेलं पाहिजे, हवा जाते त्या दिशेने, म्हणजे आत कडा येत नाही. स्क्रूची टोकं आत येऊ देऊ नका, एका स्क्रूच्या टोकाला धागा अडकतो, त्याला दुसरा, सहा महिन्यांत तिथे बोळा तयार. जोडावर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा, कापडी टेप उष्णतेने सुटते. प्लायवूड, लाकडी फॉल्स सीलिंग, पडदे यांच्यापासून डक्ट कमीत कमी ६ इंच लांब.

वळणं हा खरा शत्रू. ८ इंची एक ९० अंशाचा एल्बो म्हणजे साधारण नऊ-साडेनऊ फूट सरळ पाइप जोडल्यासारखं. १० फूट पाइप आणि चार एल्बो म्हणजे ४५-५० फूट झालं की! बऱ्याच मशीनना १४ फूट पाइप आणि दोन एल्बो इतपतच चालतं. जिथे वळायलाच लागतं तिथे मोठ्या गोलाईचा एल्बो किंवा ४५ चे दोन लावा, आणि प्रत्येक एल्बोपाशी साफसफाईसाठी उघडता येईल असं झाकण ठेवा. झाकण नसलेला डक्ट कोणी साफ करत नाही, हे लिहून घ्या.

ड्रायरच्या डक्टमध्ये किचनचा एक्झॉस्ट, गीझरची चिमणी, टॉयलेटचा पंखा असं काहीही जोडायचं नाही. आणि बिल्डिंगच्या मधल्या उघड्या शाफ्टमध्ये, जिथे ड्रेनेजचे पाइप आणि केबली असतात, तिथे तोंड सोडून द्यायचं नाही. खालच्या मजल्यापर्यंत केबलींवर लिंटचा थर बसतो, आणि मग एखादी सिगारेट किंवा शॉर्टसर्किट पुरतं.

मॅनिफोल्ड करायलाच लागला तर

चार ड्रायरचा एक मोठा डक्ट करायचा तर व्यास दर जोडापाशी वाढला पाहिजे. हिशोब सोपा आहे, क्षेत्रफळ बेरजेने वाढतं: एकाला ८ इंच, दोनला ११.३ म्हणजे १२ घ्या, तीनला १४, चारला १६ इंच. प्रत्येक ड्रायरचा पाइप मोठ्या डक्टला काटकोनात ठोकायचा नाही, हवा जाते त्या दिशेला तिरका, ४५ अंशात शिरला पाहिजे. समोरासमोर दोन पाइप एकाच जागी सोडायचे नाहीत, एक दुसऱ्याला ढकलतो. आणि प्रत्येकाला उलटी हवा अडवणारी झडप, नाहीतर चालू ड्रायरची दमट हवा बंद ड्रायरच्या ड्रममध्ये.

आता यातली मेख. डक्टमध्ये लिंट उडत राहायला हवेचा वेग मिनिटाला १२०० फूट तरी लागतो. ८ इंचातून ६०० सीएफएम गेलं तर वेग १७०० च्या आसपास, छान. पण चौघांसाठी केलेल्या १६ इंची डक्टमधून दुपारी एकच ड्रायर चालू असेल तर वेग उरतो ४३० फूट. लिंट तिथेच बसते, रोज. म्हणजे मॅनिफोल्ड सगळे चालू असताना बरोबर आणि बाकी वेळ कचराकुंडी. म्हणून मी म्हणतो वेगळे डक्ट करा. मोठ्या इंडस्ट्रियल लॉन्ड्रीत ते शक्य नसतं तिथे दाब बघून कमीजास्त होणारा बूस्टर फॅन आणि लिंट कलेक्टर लावतात, पण ते डिझाइन इंजिनियरकडूनच करून घ्या, पत्रेवाल्याच्या अंदाजाने नाही.

बाहेरचं तोंड

छतावर काढलं तर वरून बगळ्याच्या मानेसारखं खाली वाकवा, आणि पावसाचं पाणी साचतं त्याच्या दीड-दोन फूट वर ठेवा. पत्र्याची टोपी लावायची तर टोपी आणि पाइपमध्ये निदान पाइपच्या व्यासाएवढं अंतर, चिकटवून लावलेली टोपी म्हणजे झाकणच. भिंतीतून काढलं तर समुद्राच्या पट्ट्यात पश्चिमेला किंवा नैऋत्येला तोंड नको, पावसाळ्यातला वारा समोरून हवा दाबून धरतो. समोर दोन फुटांत भिंत, झाड, शेजाऱ्याची खिडकी नको.

तोंडावर जाळी अजिबात नाही. कबुतरं येतात म्हणून लोक कोंबडीजाळी लावतात, लिंट उडते म्हणून शेजारी ओरडतात तर जुनी साडी बांधतात (हो, बघितलीय). आठवड्यात तोंड बंद, आणि आत ६०-७० डिग्रीची हवा आणि सुका कापूस. कबुतरांसाठी हलकी ॲल्युमिनियमची पडझडप लावा, ड्रायर चालू झाला की उघडते, बंद झाला की आपोआप पडते. लिंटसाठी नीट लिंट कलेक्टर.

तपासायचं कसं

बिनपैशाची टेस्ट आधी. सगळे ड्रायर चालू करा, दारंखिडक्या बंद करा, मग पुढचं दार उघडून बघा. जोर लावायला लागतोय, फटीतून शिट्टी वाजतेय, म्हणजे आत हवा कमी पडतेय. मग सारखाच लोड एकदा दार बंद ठेवून आणि एकदा सताड उघडं ठेवून सुकवा. उघड्या दाराने लवकर सुकला तर मशीनवाल्याला फोन करू नका, गवंड्याला करा.

थोडं पुढे जायचं असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक नळी आणा, यू आकारात फळीवर बांधा, अर्धी पाण्याने भरा, पाण्यात थोडी शाई टाका म्हणजे दिसतं. ड्रायरपासून फूट-दीड फुटावर डक्टला बारीक भोक पाडून नळीचं एक टोक तिथे टेकवा, आत जास्त खुपसू नका, दुसरं टोक खोलीत मोकळं. ड्रायर चालू असताना दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीतला फरक मोजा. बऱ्याच मशीनना ०.३ इंच, म्हणजे ७-८ मिलीमीटरच्या वर फरक चालत नाही. जास्त आला तर दार उघडा. आकडा खाली आला तर आत येणारी हवा कमी आहे, तसाच राहिला तर डक्टमध्ये अडलंय. एवढ्या एका प्रयोगावर अर्धं भांडण मिटतं. झाल्यावर भोकावर ॲल्युमिनियमची पट्टी.

लिंटची जाळी रोज, धंदा जास्त असेल तर दिवसातून दोनतीनदा. डक्ट तीन महिन्यांनी उघडून बघा, आणि मे महिन्यात एकदा पूर्ण साफ, कारण जून लागला की सगळ्या गावाचे कपडे तुमच्याकडेच येणार आणि दमट लिंट पत्र्याला लगद्यासारखी चिकटते, मग ब्रशने पण निघत नाही.

स्पाचे, पंचकर्माचे तेलकट टॉवेल आणि किचनचे फडके यांचा वेगळा विचार करा. धुऊन पण तेल राहतं, गरम ढीग करून ठेवला की आतल्या आत तापत जाऊन तासाभराने पेटू शकतो. थंड होण्याची सायकल पूर्ण होऊ द्या, रात्री बंद करताना ड्रममध्ये ठेवून जाऊ नका. ड्रममध्ये आग लागलीच तर दार उघडायचं नाही, हवा मिळाली की भडकते. गॅसचा मेन कॉक आणि मेन स्विच बंद, माणसं बाहेर, १०१. म्हणून तो कॉक ड्रायरच्या मागे नको, हात पोचेल अशा जागी दाराजवळ असू द्या.

आणि जागेचा मालक भिंतीला भोक पाडू देत नाही म्हणाला तर गॅस ड्रायरचा विषय तिथेच संपतो. हीट पंपचे ड्रायर मिळतात त्यांना डक्ट लागत नाही, पण किंमत जास्त, वेळ जास्त, आणि खोलीत थोडी गरमी सोडतातच, २०-२५ टॉवेलच्या छोट्या धंद्याला चालून जातात. हॉटेलचं काम धरायचं असेल तर दुसरा गाळा बघा, आणि डिपॉझिट देण्याआधी लूव्हर आणि डक्टची परवानगी करारनाम्यात लिहून घ्या, तोंडी नको.